बुधवारचा चेहरा

दर बुधवारी दोन वाजता, डंडीत,
आर्ची डॅलगार्नो उंच खुर्चीत बसतो
आणि टोपी काढून मांडीवर ठेवतो.
वय अठ्ठ्याहत्तर. डोक्यावर केस नाही,
आम्हाला हवा तो नेमका याच कारणासाठी.
तासाचे थोडे पौंड, चहा,
आणि आल्याचं बिस्कीट. ते तो खिशात टाकतो.

"आधी बोट लावा, मग रेघ ओढा,"
मी मुलांना सांगते. निळी पेन्सिल.
चष्म्याची काडी कानाकडे वळते
तिथे, कानशिलावर, धमनी उडते,
इतकी वर की डोळ्यांनीही मोजता यावी.
दुसरी जबड्याच्या कडेवर:
आर्ची दात आवळतो, स्नायू फुगतो,
त्याच्या अगदी पुढ्यात.
तिथून ती वर निघते, जिवणीच्या कोपऱ्यावरून,
नाकाला धरून, डोळ्याच्या आतल्या कोनापर्यंत,
नागमोडी.
"नागमोडी का?" ऑयला विचारते.
तोंड उघडावं लागतं, ऑयला. जांभई द्यावी लागते.
सरळ असती तर पहिल्याच हसण्याला ताणली असती.

मग मज्जातंतू. पाच फांद्या.
यासाठी आपला पंजाच पुरतो:
मनगट कानापाशी, बोटं गालावर फाकलेली,
अंगठा कपाळाकडे, तर्जनी डोळ्याकडे,
मधलं बोट वरच्या ओठाकडे,
अनामिका हनुवटीच्या बाजूला, करंगळी गळ्यात.
मी पंजा ठेवते आणि दर वेळी
बोटं आपसूक मिटायला बघतात,
उलटी वळून माझ्याच कानशिलांवर
कडाकडा मोडायला.
मिरजेची विमलमावशी असं करायची,
नव्या फ्रॉकला, दहावीच्या निकालाला,
एकदा कावीळ उतरल्यावर.
तिला फांद्या कुणी शिकवल्या नव्हत्या,
हात मात्र त्याच वाटांनी उतरायचा.
हे मी वर्गात बोलत नाही.
अभ्यासक्रमात दृष्ट नाही.

डोक्याच्या कातडीचे थरही पाच.
आर्चीच्या माथ्यावर चार बोटांचा व्रण आहे,
पंधराव्या वर्षीचा, ताग गिरणीतला.
मागातून धोटा उडाला आणि
"रक्त बुटात शिरलं. मुकादमाला वाटलं, गेलाच."
मी समजावते: दुसरा थर दाट,
धमनीला चहूकडून धरून ठेवतो,
म्हणून कापली तरी तिचं तोंड मिटत नाही.
"आमची ईना," आर्ची म्हणतो. बहीण त्याची.

चौथा थर सैल. त्याच्या जोरावर
तो कवटीवरची कातडी मागेपुढे सरकवतो,
भुवया चढतात, व्रण पुढे येतो, मागे जातो,
मुलं पेन्सिली खाली ठेवून बघत राहतात.

"आणि इथे टाळू होती. मऊ.
दीड वर्षात भरून आली."
तो स्वतःचं बोट तिथे नेतो, चाचपतो.
"इतकी वर्षं डोक्यावर घेऊन हिंडतोय,
कुणी बोललं नाही."

तळमजल्यासाठीचा फॉर्म त्याने भरून दिलाय.
साक्षीदार म्हणून ईनाच्या मुलाची सही.
"तिथे गुदगुल्या होणार नाहीत," त्याने सांगितलं,
"तेव्हा दाबून लिहा."
कुणी हसलं, कुणी बुटांकडे पाहिलं.
मी पेन्सिलीला टोक करत बसले,
होतं तरी.

चार वाजता पुसायचं.
ओला कापूस गार लागतो, तो डोळे मिटतो,
हनुवटी वर करून देतो,
पोरं देतात तशी.
कपाळ, गाल, गळा, माथा.
बाहेर टे नदीवरून वारा सुटलेला.

गेल्या बुधवारी कानामागची
एक बारीकशी रेघ पुसायची राहिली.
राहिली म्हणजे, मी राहू दिली.

आज येताच तो म्हणाला,
बसमध्ये मागच्या बाकावरचं एक पोर
कानाशी टक लावून होतं,
आईने दोनदा हात ओढला तरी.
"मग?"
"मग काय, टोपी काढली,
आणि थेट रुग्णालयाच्या थांब्यापर्यंत
डोकं मागेपुढे करून दाखवलं."