माशी

बंदुकीच्या नळीच्या टोकाला एक माशी बसलेली असते.
उडत नाही.

रजिस्टरात लिहिलं होतं, तीन जमादारांनी, तीन शाईंत:
बट नंबर सतरा. डावीकडे मारते.
उपाय कुणीच लिहिला नव्हता.
सतरा हातात आली की शिपाई
वीतभर उजवीकडे नेम धरायचे
आणि पुढच्याच्या कानात सांगायचे,
लाथाळ म्हशीची खोड सांगावी तसं.

मी शस्त्रागारात नवी.
सोमवारी गाडी येणार होती,
थ्री-नॉट-थ्री, चाळीस नग, कापायला.
शनिवारी बाबालाल शिकलगार आले.
रिटायर होऊन अकरा वर्षं.
सायकलच्या हँडलला पिशवी, पिशवीत
पितळी ठोकणी, हातोडी, घासलेटची चिमणी
आणि जेवणाचा डबा.
म्हणाले, सतरा काढ.

कापायच्या बंदुकीला नेम कशाला, चाचा?
त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं
आणि डबा सावलीत सरकवला.

चांदमारीच्या मैदानात गवत वाळलेलं.
लांब जोतिबाचा डोंगर,
अलीकडे कुठल्यातरी गुऱ्हाळाचा धूर.
"त्यो डोंगर दिसतोय मला," ते म्हणाले.
"डोंगरावरचं झाडबी दिसतंय.
हातभर अंतरावरची माशी तेवढी दिसंना.
तू बघ. मी ठोकतो."

मी पालथी पडले. दस्ता गालाला.
मागची खाच, खाचेत पुढचं पातं,
दोन्ही अंगांना सारखा उजेड,
पात्याचा माथा खाचेच्या खांद्यांशी बरोबर.
आणि सवयीनं नजर धावत गेली
शंभर गजांवरच्या काळ्या चांदाकडे.

"परत ये."
त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक.
"चांद पुसट होऊ दे. त्यो कुठं पळत न्हाई.
माशी लख्ख पायजे."

पाच गोळ्या. पाचही डावीकडे,
वीतभर, पण एकमेकींना खेटून.
ते खूश.
"बघ, लबाड न्हाई ती.
एकच गोष्ट सांगतीया, पाचदा.
कुणी ऐकलंच न्हाई इतकी वर्सं."

मग माशी उजवीकडे सरकवायची ना?
हसले. पुढच्या दातांत फट.
"डावीकडं.
गोळी जिकडं चुकती तिकडंच माशी न्यायची.
वर चुकली तर उंच माशी बसवायची.
चुकीच्या मागनं जावं लागतंय पोरी,
मग नळी आपसूक वळती."

टक्.
ठोकणी पितळेची,
लोखंडानं लोखंडाला मारलं की वळ उठतो म्हणून.
केसभर इथं, बोटभर तिथं, ते पुटपुटत होते,
डोळे मिटूनच,
अंगठ्याचं नख खोबणीच्या कडेला लावून.
टक्, टक्.
चार बोटं उरली.
टक्.
आता उजवीकडे गेली, जास्तच.
"शिंकली माशी," म्हणाले, आणि अर्धा केस मागे घेतली.

ऊन चढलं तशी पात्यावर तिरीप चमकायला लागली.
त्यांनी चिमणी पेटवली,
ज्योतीवर पातं धरून काळं केलं.
"काजळ घातलं."

शेवटच्या पाच चांदाच्या मधोमध,
तळहाताखाली झाकतील अशा.
मी मोजून सांगितलं.
ते डोंगराकडे बघत होते.

मग पोलादी टोच्यानं एक रेघ ओढली,
अर्धी बैठकीवर, अर्धी नळीवर,
माशीची खरी जागा पुढच्याला कळावी म्हणून.
पुढचा कोण, ते मी विचारलं नाही.
डबा उघडला. दोन भाकऱ्या, ठेचा.
एक माझी.

रजिस्टरात मी चौथी ओळ लिहिली:
बट नंबर सतरा. सरळ मारते.

सोमवारी गाडी आली.
चाळीस नग मोजून दिले, नळीला हात लावत.
सतराच्या पावतीवर
सहीच्या वर काळं बोट उमटलं.
साहेब म्हणाले, हा डाग कसला?
म्हटलं, माशी बसली असेल.