पाचर

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी मी पुऊमालाला पोचलो.
मागे शेजाऱ्याचा उसना ट्रेलर,
खिशात मोजून आणलेले पैसे.
हिल्या केट्टुनेन धक्क्यावर उभी होती,
अंगात नवऱ्याचा स्वेटर, हातात करवत.
मला वाटलं, सरपण कापत असेल.

नाव अजून पाण्यातच होती.
पाइनची, वर्षानुवर्षं डांबर प्यायलेली, अठरा फुटी.
एलिसनं बांधली, एवढंच म्हणाली
आणि पुढचं गिळून टाकलं.

तिनं मला नाव दाखवायच्या आधी ट्रेलर पाहिला,
गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून,
बाजारात घोड्याचे दात बघावेत तसा.
"हा प्लास्टिकच्या सपाट बुडांचा.
हिचा भार कण्यावर असतो.
तुझ्या ट्रेलरवर ती बरगड्यांवर झोपेल."

मी म्हटलं, दोनशे किलोमीटर तर जायचंय.
"आणि मग सात महिने बर्फ," ती म्हणाली.
"लाकूड रस्त्यानं मोडत नाही रे,
चुकीचं बसण्यानं मोडतं."

मग ती कापत बसली.
अल्डरचे ओंडके, ओले, कापल्यावर नारिंगी होणारे.
मी थर्मासमधली कॉफी संपवली,
घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं.
तळ्यावर धुकं होतं तसंच पडून राहिलं.

पहिल्यांदा ओढून घेतली तर दांडा हलका झाला,
एका बोटानं वर उचलला गेला.
"पुढं बटाट्याच्या एका पोत्याएवढं वजन हवं.
कमी पडलं तर वाटेत शेपूट हलवेल,
जास्त झालं तर तुझी गाडीच मागं बसेल."
पुन्हा पाण्यात. पुन्हा वर.
आता मागचं बूड शेवटच्या रोलरच्या बाहेर राहिलं.
वीतभरच, मी म्हटलं.
"वीतभरानंच वाकतं."
पुन्हा पाण्यात.
माझे बूट भरले, तिचे आधीच भरलेले होते.

बाजूचे आधार तिनं सगळ्यात शेवटी वर घेतले
आणि गादी नि फळी यांच्यात
वर्तमानपत्राचं एक पान सरकवलं.
"अडकलं पाहिजे. फाटता कामा नये.
हे हात धरायला असतात,
उचलायला नव्हे."
चार जागी चार पानं.
एका पानावर मागच्या आठवड्यातल्या अंत्ययात्रांच्या सूचना होत्या,
ते तिनं उलटं घातलं.

तळाचं बूच काढलं तेव्हा
पोटातलं पाणी धारेनं वाहू लागलं,
मग तुटक, मग थेंब थेंब.
शेवटचा थेंब पडेपर्यंत ती तिथेच उभी.
मी पट्ट्यांशी उगाच खटपट करत राहिलो.

पैसे तिनं मोजले नाहीत.
पट्टे मात्र तीनदा ओढून पाहिले,
काठाखाली चिंधी घातली, जिथं घासलं असतं तिथं,
आणि गाडीच्या टपावर दोन थापा मारल्या,
म्हणजे, नीघ आता.

यूव्हाच्या पेट्रोल पंपावर थांबून
मी प्रत्येक ठोकळ्यावर हात ठेवला.
एकही हलला नव्हता.

मेच्या सुरुवातीला बर्फ सुटला.
नाव उतरवली, पाचरी गोळा केल्या.
आठ होत्या.
सात तिनं त्या दिवशी कापलेल्या,
वाळून चिरा पडलेल्या, पेन्सिलीनं आकडे घातलेल्या.
आठवी जुनी निघाली. ओकची, काळवंडलेली,
एक कड अंगठ्यानं गुळगुळीत झालेली,
बुडाशी चाकूनं कोरलेली दोन अक्षरं: ए. के.

मी पत्र लिहिलं. लिहिलं की
ही बहुधा चुकून आली,
टपालानं पाठवू का,
आणि नाव थोडी पाझरली दोन दिवस, मग फुगून मिटली,
फळ्या जिथल्या तिथं आहेत.

जूनमध्ये उत्तर आलं, एका पोस्टकार्डावर,
मजकूर अर्ध्या ओळीपेक्षा जास्त नव्हता:

"ती मागच्या बुडाखालची. तिची जागा बदलू नकोस."