खिडकीकडचा घोस

रंगाचा डबा आणून तीन आठवडे झाले.
जिन्याखाली पडलाय.
आदेरितो त्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधतो.

पोर्तोच्या चढावरचं हे घर आम्ही
दातांच्या एका डॉक्टरच्या मुलांकडून घेतलं.
खुर्ची भंगारात गेली होती,
फरशीला तिची चार भोकं राहिली.
आणि वर हे छत:
प्लास्टरच्या वेली, कोपऱ्या-कोपऱ्यात करंड्या,
द्राक्षांचे घोस, मधोमध परातीएवढं फूल,
अन् सगळ्यावर
पुदिन्याच्या गोळीसारखा हिरवा रंग.

बाल्तझार शिडीवर चढला,
पात्याने नखाएवढी जागा खरवडली.
हिरव्याखाली पिवळट, मग पांढरा, पुन्हा पांढरा,
एक लाजरा गुलाबी,
आणखी दोन, ज्यांना नाव देता येईना,
आणि तळाशी नुसतं प्लास्टर, सायीच्या रंगाचं.
"सात पुटं," तो म्हणाला.
"पानांना शिरा होत्या, बाई. आता लोणी थापल्यागत झालंय.
सगळं काढायचं तर चार महिने.
आठवं द्यायचं तर चार दिवस."
आणि शिडीवरच डबा उघडून जेवायला बसला.

आदेरितो म्हणाला, पांढरा मारू, सुटू.
मी म्हणाले, खरवडू.
रात्री दिवा मालवल्यावर आम्ही बाजू बदलल्या:
तो शिरांबद्दल बोलत राहिला,
मी हप्त्यांबद्दल.

रविवारी समोरच्या लुदोविनाबाई अंजिरं घेऊन आल्या.
त्यांनी वर पाहिलं
आणि त्यांचं तोंड आपसूक उघडलं.
"इथे माझी दाढ काढली," त्या म्हणाल्या, "बारा वर्षांची होते.
डॉक्टर म्हणाला, ओरडू नकोस, खिडकीकडचा घोस मोज.
एक्केचाळीस द्राक्षं.
बेचाळिसावी माझी दाढ."
मग जरा थांबून,
"हा हिरवा त्याने स्वतःच्या हाताने मारला.
बायको गेली त्या वर्षी.
रंग चांगला नव्हता. कोणी बोललं नाही."

त्या गेल्यावर मी
त्या चार भोकांच्या मधोमध पाठ टेकली.
फरशी गार. दुपारचं ऊन वेलीवर तिरपं.
मोजली.
अडतीस.
पुन्हा मोजली, बोट वर करून, एक डोळा मिटून.
अडतीसच.

तीन द्राक्षं कुठे गेली?
कोणाच्या पुटाखाली, कोणत्या साली,
शेजारच्या द्राक्षाला चिकटून कोणती एक झाली?

आदेरितो दारात उभा.
"काय ठरलं?"
मी म्हणाले, बाल्तझारला उद्या बोलव.
तो एकच घोस, लहान पातं घेऊन, सावकाश.
एक्केचाळीस भरली की थांब म्हणावं.

"आणि बाकीचं?"
बाकीचं हिरवं आहे, मी म्हणाले.
तू आधी इथे ये, आडवा हो,
माझी मोजणी चुकतेय का बघ.