इथे बसू नये

मंगळवारी आणि गुरुवारी, दहा ते चार,
मी दारात तिकिटं फाडते.
मोठ्यांना सहा पौंड, मुलांना तीन,
कुत्र्यांसाठी बाहेर पंपाजवळ पाण्याचं भांडं.

खुर्च्यांवर आम्ही एकेक वाळलेलं काटेरी बोंड ठेवतो.
पाटी कोणी वाचत नाही,
बोंड सगळ्यांना कळतं.
चुलीशेजारच्या खुर्चीवरचं मीच ठेवते, रोज तिरकं.
तिथे माझा बाप बूट काढायचा,
सफोकचा अर्धा चिखल फरशीवर आपटत.
खुर्ची ही नव्हे. त्याच्या खुर्चीचा एक पाय
तारेने बांधलेला होता.

आम्ही बाहेर पडलो त्रेसष्टच्या मार्चमध्ये.
मग मोजपट्ट्या घेऊन माणसं आली
आणि त्यांनी घर पंधराशे ऐंशीत परत नेऊन ठेवलं.
जाताना वाटेत जे जे लागलं ते उपसून टाकलं:
गॅसची शेगडी, लिनोलियम,
आईने अकरा वर्षं मालकाशी भांडून मिळवलेला
पांढरा बाथटब.
(तो दोन वर्षं शेतात होता. मेंढ्या पाणी प्यायच्या.)
भिंतीवरच्या कागदाचे पाच थर निघाले.
चौथा आमचा, निळ्या पोपटांचा.
त्याचा तळहाताएवढा तुकडा ऑफिसच्या खणात आहे,
त्याला नंबर आहे.

खाली नुसता कूड.
हेझलच्या काठ्या, माती, शेण, गायीचे केस.
भिंतींना कान असतात म्हणतात,
या भिंतीला निदान केस तरी आहेत.
हा विनोद मी शाळेच्या सहलींना सांगते,
मास्तर हसतात.

काचेखाली एक यादी आहे.
थॉमसीन नावाची विधवा इथे वारली,
शेजाऱ्यांनी घरभर हिंडून लिहून घेतलं:
पितळी हंडा एक. दुभत्या गाई तीन.
जुनी घोंगडी. शिडी.
आणि शेवटी, हात दुखला असावा,
'बाकी किरकोळ, न लिहिण्याजोगं'.
ती ओळ मी तिकिटं संपली की वाचते.

आज चौथीची मुलं होती.
इमोजेन, आमची नवी अभिरक्षक, हुशार पोरगी,
चुलीवरच्या तुळईवर बॅटरी मारून सांगत होती:
हे अश्रूंसारखे काळे डाग बघा,
हे अपघाताने पडलेले नाहीत.
कोणीतरी मेणबत्ती धरून, हात न हलवता,
मुद्दाम जाळलेत. आगीपासून, चेटकापासून,
रात्री धुराड्यातून जे काही उतरतं
त्याच्यापासून घर राखायला.
मोजा बरं.

मुलांनी मोजले. अकरा.

मला ठाऊक आहे, दहा.
अकरावा क्लिफर्डचा.
सत्तेचाळीसचा फेब्रुवारी, दाराच्या कडीपर्यंत बर्फ,
सुईणीची सायकल गावातच अडकलेली,
आणि वरच्या खोलीत आई
जे आवाज काढत होती ते आईचे नव्हते.
तो दहाचा, मी पाचची.
चेटूक वगैरे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.
वर दहा डाग होते, एवढंच त्याने पाहिलं,
आणि मला म्हणाला, मॅव्हिस, स्टूल धर.
मी धरलं.
मेण माझ्या केसांत पडलं, मी ओरडले नाही.
बापाने सकाळी त्याला पट्ट्याने मारलं,
तुळई मालकाची होती म्हणून.

इमोजेनला मी सांगितलेलं नाही.
सांगितलं तर ती एक आकडा कमी करील,
किंवा त्यालाही नंबर देईल.

रांग पुढे सरकली. एक मुलगा मागे राहिला,
नाक वाहणारा, कोटाचं वरचं बटण तुटलेलं.
म्हणाला, हा एक इतका खाली का?
लावणारा ठेंगणा होता, मी म्हटलं. स्टूलावर उभा होता.
कशासाठी?
आई आजारी होती.
मग बरी झाली?

झाली, मी म्हटलं.
बाळ नाही.

त्याने बाहीला नाक पुसलं,
तुळईकडे पुन्हा एकदा पाहिलं, आणि पळाला.
दारात दोन म्हातारे आले होते,
सवलत आहे का विचारत.
आहे, म्हटलं, आणि तिकिटं फाडली.