सत्तावन्नावा भाग

शुक्रानला मी पहिल्यांदा पाहिलं
तेव्हा ती एका बाईचा जीव घेत होती.
इस्तंबूल, चौथा मजला, पहाटेचे साडेतीन,
चहाचे अकरा रिकामे पेले, आणि फोनवर निर्माता:
नटीनं पैसे वाढवून मागितलेत, झेहराला उडव.
"कशानं? ट्रक की ताप?"
पलीकडून काहीतरी उत्तर आलं.
"बरं, ताप. ट्रकला भाडं पडतं."
मग फोन ठेवून टेबलाखाली जाऊन बसली,
पेन्सिल शोधते म्हणाली.
बराच वेळ सापडली नाही.

मी संकलक. कापणं हे माझं पोट.
दर बुधवारी एकशे तीस मिनिटं,
त्यातली चाळीस नुसती बघण्याची:
सासू सुनेकडे, सून खिडकीकडे,
खिडकी बॉस्फरसकडे.
पानं प्रिंटरमधून गरम गरम यायची,
नट ती तोंडाला रंग लावता लावता पाठ करायचे.
बारा वर्षं. नऊ मालिका.
एकोणीस घटस्फोट लिहिले तिनं,
विसावा कोर्टात जाऊन सही करून आली
आणि दुपारी पुन्हा लिहायला बसली.

मग कुठल्याशा पेपरात तीन ओळी:
धरण भरतंय, केर्तिल गाव मार्चपर्यंत.
मार्चपर्यंत काय, ते लिहिलंच नव्हतं.
तिनं गाडी विकली. कॅमेरा घेतला, कर्ज घेतलं,
आणि मला म्हणाली, बूट चांगले घाल.

केर्तिलमध्ये दुर्सून होता, मधमाश्या पाळणारा.
दुर्सून म्हणजे 'राहो'.
आधीची तीन भावंडं राहिली नाहीत
म्हणून आईनं मागणं मागावं तसं ठेवलेलं नाव.
त्या आईचीच कबर हलवायची होती.
सरकारी माणसानं पेटी दिली, नंबर दिला, एक पावती दिली.
दुर्सूननं फावडं बाजूला ठेवलं
आणि हातानं माती काढायला लागला.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडात शब्द घातलेली ही बाई
कॅमेऱ्यामागे ओठ मिटून उभी.
अकरा मिनिटं.
माती, श्वास, लांबून पाण्याचा आवाज.
एकदा एक मधमाशी पेटीच्या कडेवर बसली.
संकलनाच्या खोलीत मी म्हणालो,
"दोन मिनिटं पुरेत, लोक उठून जातील."
ती म्हणाली, "जाऊ देत. तू हात लावू नकोस."

लोक गेले नाहीत. जायला जागाच कुठे होती?
नव्या वसाहतीत सहा मजली एकसारख्या इमारती,
लग्नाचा हॉल, भाड्याचा पडदा, चाळीस माणसं.
दिवे लागले. कोणी टाळी वाजवली नाही.
दुर्सून टोपी फिरवत बसला होता.
शेवटी त्याची बहीण हाजेर उभी राहिली, पदर सावरून,
आम्ही दोघं पाण्याबद्दल काय विचारेल म्हणून श्वास धरून,
आणि तिनं विचारलं:
"सत्तावन्नाव्या भागात झेहराला का मारलंस?"

शुक्रानकडे अशा जागी घालायची शंभर वाक्यं होती.
ती म्हणाली, "पैशांसाठी."
हाजेरनं मान डोलावली.
"वाटलंच मला. ताप इतक्या झटकन नेत नाही कुणाला."
आणि खाली बसली.
मग चहा आला, मध आला, मागच्या वर्षीचा,
जुन्या डोंगराचा शेवटचा डबा.

आता पुन्हा बुधवार आहेत.
कर्ज फिटायचंय, कॅमेरा कपाटात.
नव्या मालिकेत तिनं एक म्हातारा घातलाय,
तो येतो, बसतो, काही बोलत नाही.
चॅनेलचा निरोप आला: हा कोण? कापा.
हुकूम मला आला, मी कापला.

नऊ सेकंदं ठेवली.
सासू ओरडून दमते आणि सून दार लोटते
त्यांच्या मधे कुठेतरी.