अवर

खानापूर. सातवी ब.
हुक्केरी टीचर सांगतात,
हाताला लागतं ते धिस,
बोट दाखवावं लागतं ते दॅट :
खडू धिस, मलप्रभेवरचा पूल दॅट.

मग माय, युवर, अवर.
मागच्या बाकावरून भरमा घाडी उठला :
‘अवर म्हणजे आमचं, की आपलं?’

टीचर थबकल्या.
त्यांच्या घरीही एकच शब्द, नम्म;
कोण आत, कोण बाहेर,
ते बोलणाऱ्याच्या डोळ्यांवरून ओळखायचं.

‘आमचं म्हटलं की तुम्ही बाहेर, टीचर,’
भरमा ओशाळून म्हणाला.

घंटा झाली.
फळा पुसणाऱ्यानं
‘अवर’भोवतीचं तेवढं पुसलं.

संध्याकाळी स्टँडवर
नंदगडची गाडी वळताना दिसली, अजून लांब.
टीचरनी बोट दाखवलं :
‘ती बघ, आपली.’