ब्लूबेरीचं पाणी

कर्स्टीने रोप मागवलं कातानियाहून, बोटीने.
झेय्तूनच्या आमच्या गच्चीवर
तिने पोतं उलटं केलं, तेव्हा मी विचारलं,
माती कुठाय?
माती नाही, म्हणाली. मातीच नको.
पाइनची साल, पीट, आणि पॉपकॉर्नचा चुरा वाटावा असा पर्लाइट.
मुठीत दाबलं तर गोळा व्हावा,
बोटाने टोचलं तर सुटावा.
मी काही बोलले नाही.
या बेटावर माती इतकी थोडी
की घराचा पाया खणताना माझे वडील
लाल मातीच्या टोपल्या मोजून शेजारच्या शेतात टाकत होते.
आणि ही सून पैसे देऊन झाडाची साल आणते.

जूनपर्यंत पानं पिवळी.
शिरा तेवढ्या हिरव्या,
कोरड्या प्रदेशाच्या नकाशावर नद्या काढाव्यात तशा.
लोह कमी, नार्दू म्हणाला, आणि पुडी आणून दिली.
पानं आणखी पिवळी.
लोह होतंच कुंडीत.
ताट वाढलेलं, पण घास उचलेना.

मी छत्तीस वर्षं
औषधाच्या दुकानात मागच्या खोलीत थेंब मोजले आहेत.
पट्टी नळाखाली धरली: आठ.
मग घराखालच्या टाक्यातून बादली ओढली,
पावसाचं पाणी, आजोबांच्या वेळचं टाकं.
तेही आठाला टेकलेलं.
पाऊससुद्धा? कर्स्टीचा चेहरा उतरला.
पाऊस कोराच येतो ग.
पण गच्ची चुनखडीची, पन्हळ चुनखडीची,
टाकं खडकातच कोरलेलं.
घर उतरतं त्यात, थोडं थोडं.
तुझ्या किटलीच्या बुडाशी जो पांढरा थर बसतो,
ते आमचंच घर.

लिंबाचं सत्त्व घातलं, चिमूट चिमूट.
सकाळी पट्टी सहावर आली,
दुपारी बादली पुन्हा सात दाखवू लागली.
मला हे ठाऊक होतं, तरी राग आला.
पीएच म्हणजे दार उघडणारा एकटा माणूस,
त्याच्यामागे अंगणात
क्षारांचं अख्खं गाव उभं असतं.
एकाला गप्प करून काय होतं?

उत्तर आमच्याच गल्लीत टपकत होतं.
जुलै. प्रत्येक खिडकीखाली एसीची नळी,
फरशीवर ओले डाग, त्यात मांजरं पाय टाळत जाणारी.
मी एक थेंब पट्टीवर झेलला.
मग किटलीत उकळून आटवलं: बुडाशी काही नाही.
या पाण्याने आमचा एकही दगड पाहिलेला नव्हता.
करम्नीच्या भिंतीखाली डबा ठेवला,
नार्दूच्या, मग त्या पोलिसाच्या, जो कधी नमस्कार करत नाही.
बासष्टाव्या वर्षी मी
गल्लीभर दुसऱ्यांचा घाम गोळा करत हिंडले.
पोलिसाने डबा उचलून आतल्या बाजूला सरकवला,
गाडीचा धक्का लागू नये म्हणून.
अजून नमस्कार करत नाही.

जुनी पानं पिवळीच राहिली, ती गळली.
ऑगस्टच्या शेवटी टोकाला एक पान फुटलं,
हिरवं, नखाएवढं.
कर्स्टीने त्याचा फोटो काढून तिच्या आईला पाठवला
आणि त्यात चुकून माझा अंगठाही गेला.

रोज सहा बाटल्या भरते मी, कुंडीला पाच पुरतात.
सहावी न्हाणीघरात जाते.
इथे आल्यापासून तिचे केस राठ झालेत,
ती कधी बोलली नाही.
मीही विचारत नाही,
बाटली फक्त दाराजवळ ठेवते.

आता ऑक्टोबर अर्धा सरला.
संध्याकाळी वारा सुटतो, खिडक्या उघडतात,
एकेक यंत्र बंद होत चाललंय.
नार्दूचा डबा काल कोरडा होता.
काल मी करम्नीकडे बशीभर अंजिरं घेऊन गेले,
इकडचं तिकडचं बोलले,
आणि उठता उठता म्हटलं,
करम्नी, अजून आठवडाभर तरी
उकडतंय असं म्हण ना.